रविवारची साक्ष

प्रिय रागिणी,

आपल्या लेकीचा, एस्तेरचा खोकला कमी झाला का? तुझ्या आईच्या हातचा आल्याचा काढा तिला आवडत नाही, तरी नाक धरून पाज. मी अमरावतीच्या व्यसनमुक्ती आश्रमात बरा आहे. दारू सुटली, पोट सुटायला लागलंय.

तरीही मला भीती वाटते. येत्या रविवारी अकोल्याच्या चर्चमध्ये माझी साक्ष आहे. ती ऐकून माझ्यासोबत घरी यायचं की मूर्तिजापूरला माहेरीच राहायचं ते ठरवीन, असं तू पाळकसाहेबांना सांगितलंस. आईलाही घेऊन येणार म्हणे. प्रभूने आपल्याला कशातून बाहेर काढलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं, म्हणजे साक्ष, एवढं आईंना समजावून ठेव.

हल्ली मला सगळीकडे बोलावतात. मला बोलता येतं, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक! पिऊन मी विजेच्या खांबाला मामंजी म्हणून नमस्कार केला, ते सांगितलं की लोक हसतात. एस्तेर माझी चाहूल लागताच दाराआड लपायची, ते सांगितलं की बाया डोळ्यांना पदर लावतात. शेवटी मी हात वर करून म्हणतो, आता दारूचा विचारसुद्धा मनात येत नाही! मग टाळ्याच टाळ्या. पण ग्लास भरल्याचं सांगताना माझ्याच तोंडाला पाणी सुटतं गं. ते कुणाला दिसत नाही, म्हणून जास्तच भीती वाटते.

मागच्या आठवड्यात चांदूर रेल्वेला साक्ष झाली, लोकांनी हार घातला, आणि तो गळ्यात असतानाच माझे पाय स्टेशनजवळच्या दारूच्या दुकानाकडे वळले. दुकानदाराने हार पाहून विचारलं, "आज काय लगन हाय का भाऊ?" मी तसाच मागे फिरलो. लाजेने फिरलो की प्रभूने फिरवलं, मला सांगता येणार नाही. बाहेर येऊन भगवंतला फोन केला. तो माझ्या आधी याच आश्रमातून बरा झालेला, आता भाजी विकतो. टेम्पो घेऊन आला आणि वाटभर त्याने मला झापलं, "इचार येते तं येते म्हनावं ना! देवाले काय मालूम नाही? तोंड रोज धुतो ना बे? मंग मन काय एकदाच धुतलं का झालं?"

तेव्हापासून मी विचार दडवत नाही. आला की मोठ्याने म्हणतो, प्रभू, हा बघ आला, मला एकट्याला झेपत नाही. मग बायबलमधलं पाठ केलेलं वचन म्हणत फावडं उचलतो आणि आश्रमाच्या बागेत संत्र्याच्या झाडांच्या आळ्यांना माती लावतो. कधी तो लवकर जातो, कधी जेवणापर्यंत ठाण मांडून बसतो.

पाळकसाहेब म्हणतात, रविवारी नेहमीसारखंच बोल, संसार जुळायचाय. पण ते शेवटचं वाक्य मी आता म्हणणार नाही. विचार येतो, असंच सांगणार आहे. ते तुला भर मंडळीत, आईच्या शेजारी बसून पहिल्यांदा कळू नये, म्हणून हे पत्र. काय ठरवायचं ते हे वाचून ठरव. तू आली नाहीस तरी मी तेच बोलेन. आज सकाळीही विचार आला होता. मी प्यायलो नाही. उद्याचं मला माहीत नाही, रागिणी.

भीत भीत, पण तुझाच,
शेखर