हिरव्या चहातलं सीताफळ

माय, आज सकाळी नाश्त्याला सीताफळ आणि केळं हिरव्या चहात घोटून खाल्लं. तू असतीस तर विचारलं असतंस, "हिरवी चाय कायले? दूध सरलं काय?" तुझी नात आता अकरावीला आहे. क्लासला जायच्या घाईत रोज उपाशी निघते, आणि आज रविवार म्हणून तिनंच मोबाईलवर पाहून हा घाट घातला. चहाची पुडी गरम पाण्यात बुडवून काढायची, तो चहा पार थंड होऊ द्यायचा, मग गोठवलेलं केळं आणि फळाचा गर टाकून मिक्सरमधून घट्टसर फिरवायचं. वरून पपईच्या फोडी आणि चारोळी. सीताफळ बियांसकट मिक्सरमध्ये टाकायला निघाली, तेव्हा मी भांडं तिच्या हातातून घेतलं. "आई, खायला उशीर होईल," ती म्हणाली. मी म्हटलं, होऊ दे. आणि एकेक बी सोडवत बसले.

नव्याण्णव साली मी डी.एड.ला गोंदियाच्या होस्टेलवर होते, तेव्हा टायफॉइडनं पडले. ताप उतरला, पण खाल्लेलं सगळं उलटून पडायचं. तुला कुणी निरोप दिला ठाऊक नाही. आपल्या दरेकशाहून पॅसेंजरनं तू जंगलातली सीताफळं विकायला आणायचीस, तशीच टोपली डोक्यावर घेऊन थेट होस्टेलच्या फाटकाशी आलीस. रेक्टरबाई म्हणाल्या, बाहेरचं खाणं आत चालत नाही. तू म्हणालीस, "मंग पोरीलेच बाहेर आणा. मी इथंच बसतो." आणि बसलीसच, फाटकाला टेकून. शेवटी मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून मी बाहेर आले.

तू वाटी मांडीवर धरली आहेस. पिकलेलं फळ बोटांनी दाबतेस, बी अंगठ्यानं बाजूला सारतेस, गरात चमचाभर दूध घालून कालवतेस. मी तोंड फिरवते. "काऊन खाऊन नाही राहिली वं? माह्याकडं पाहू नको, वाटीत पाहू नको. तोंड उघड." रस्त्यानं जाणारे बघतात. तुला त्याचं काही नाही. किती दिवसांनी माझ्या पोटात काही टिकलं. तू दुपारच्या गाडीपर्यंत थांबलीस, टोपलीतली उरलेली फळं रेक्टरबाईंच्या टेबलावर ठेवून गेलीस, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आलीस. त्या दिवशी त्यांनीच तुला आत बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली. तू खाली फरशीवरच बसलीस.

मला नोकरीला लागलेलं तू पाहिलंस. ही लेक पोटात असताना तू गेलीस. ती तुला फोटोतून ओळखते, आणि तो फोटोही धड नाही, लग्नातल्या गर्दीत तू अर्धी दिसतेस. आज तिनं पहिला चमचा तोंडात घातला आणि म्हणाली, "जमलंय गं." तिनं वाटी पुसून खाल्ली. मी माझ्या वाटीतून चमचा भरला. तुला एकदा हे भरवायचं होतं, माय. तू नाक मुरडलं असतंस, आणि तरी संपवलं असतंस.

हे पत्र कुठं पाठवणार? तुला वाचता येत नव्हतं. माझी पत्रं शेजारचे गुरुजी वाचून दाखवायचे. म्हणून मघाशी मीच हे मोठ्यानं वाचायला बसले. तू फाटकाशी बोललीस तिथं आले आणि थांबले. शब्द सगळे तुझे होते, पण आवाज माझाच होता. तुझा आवाज कसा होता, ते मला आता आठवत नाही.