टाकीवरचा नारळ

आण्णा, आज सकाळी चहा गार होईपर्यंत मी संगणकासमोर बसले होते आणि तुम्ही आठवलात. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने शीतगृहाच्या तापमानाची मोजमापं पाठवली होती. हल्ली या कामाला काहीच लागत नाही. आकड्यांचे रकाने सॉफ्टवेअरला द्यायचे, समीकरण सांगायचं, की ते डोळ्याचं पातं लवायच्या आत ठिपक्यांमधून रेघ काढून मोकळं होतं. पोरं तिथेच थांबतात. मी मात्र रेघ आणि ठिपके यांच्यात उरलेला फरक आधी बघते. तो फरक इकडेतिकडे विखुरलेला असला तर ठीक, पण एकाच बाजूला कलत चालला असला तर काहीतरी आपल्या नजरेतून सुटलंय, असं मी समजते. आजचा कलत होता. मी समीकरणात हळूहळू घटणारी एक राशी घातली आणि नेहमीच्या सवयीने तिला ‘नारळ’ असं नाव दिलं. विद्यार्थिनीने फोन करून विचारलं, मॅडम, हे नारळ काय आहे? मी म्हटलं, आमच्या धंद्यातला जुना शब्द आहे. तिने तो वहीत लिहूनही घेतला असेल, बिचारीने.

हा शब्द तुमचा आहे, आणि तुम्हाला त्याचा पत्ताच नाही. म्हणून लिहिते आहे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं. नगरच्या कॉलेजातून गणित घेऊन मी बी.एस्सी. झाले होते आणि पुढे पुण्याला शिकायचा हट्ट धरून बसले होते. मिरजगावचं एक स्थळ दोनदा येऊन पोहे खाऊन गेलं होतं. आईला ते पसंत होतं, मामांना त्याहून जास्त. तुम्ही साखर कारखान्यात फिटर. तुमच्या साहेबांनी म्हणजे इंजिनिअरांनी रसाच्या टाकीवर आपोआप उघडझाप करणारा व्हॉल्व्ह बसवायला घेतला होता आणि त्याचं गणित करायला त्यांना माणूस हवा होता. तुम्ही हात जोडून नाही, चक्क पान्हा हातात घेऊन त्यांना सांगितलंत, माझी पोरगी गणित शिकलीय. घरी येऊन सगळ्यांसमोर जाहीर केलंत, "हा एक शिजन हुं द्या. तिचं यंत्र चाललं तर ती पुन्याला जाईल. न्हाई चाललं तर तुमी म्हनाल तसं." त्या क्षणी मला तुमचा अभिमान वाटला आणि धास्तीही, कारण यंत्र चालण्यावर माझं अख्खं पुढचं आयुष्य तुम्ही टांगून ठेवलं होतंत.

यंत्र म्हणाल तर साधंच. टाकीतल्या रसावर फ्लोट तरंगायचा, तो एका लांब दांड्याच्या टोकाला. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला वजन. रस चढला की दांडा हले, काटा पुढे सरके, आणि त्या काट्याच्या सांगण्यावरून बाहेर जायचा व्हॉल्व्ह उघडे. रस उतरला की उलट. व्हॉल्व्ह किती उघडला की पातळी किती वेळात किती उतरते, याच्या नोंदी घेऊन समीकरणं मांडायची, म्हणजे व्हॉल्व्ह ना धसमुसळेपणा करणार ना झोपा काढणार, हे माझं काम. पहिली मोळी पडायच्या, म्हणजे गाळप सुरू व्हायच्या दिवशी पूजा झाली. कारखान्यात त्या दिवशी एकही यंत्र उघडं राहत नाही. पंपाला हार, मोटारीला कुंकू, गिरणीला पाच-पाच नारळ. पूजा आटोपल्यावर साहेबांनी आणि मी काटा शून्यावर लावला.

आणि पुण्याचा तो प्रवास! समीकरणं सोडवणारा संगणक पुण्यात होता, आणि त्याला आकडे द्यायचे तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर. एकेका ओळीला एकेक पत्ता. क्रम चुकला की सगळं मुसळ केरात. तुम्ही रजा टाकून माझ्याबरोबर आलात. पत्त्यांच्या गठ्ठ्याला तुम्ही सुतळी बांधलीत, ती तुमची खास दुपेडी गाठ मारून, आणि खोकं मांडीवर घेऊन एसटीत बसलात. सुप्याला गाडी थांबली तरी चहाला उतरला नाहीत. कंडक्टर म्हणाला, "काय पाव्हनं, अंडी हायत का काय?" तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "व्हय. उबवाया पुन्याला चाललोय." संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढायला लागल्या, आत गारेगार हवा, आणि तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "देवळावानीच हाय की गं. निस्ता परसाद तेवढा न्हाई." संध्याकाळी घड्यांचा लांबलचक कागद हातात आला, तोच तुमचा प्रसाद. परतीच्या एसटीत तुम्ही तो कागद उलटा धरून बराच वेळ वाचत होतात. मी सुलटा करून दिला नाही. फार छान दिसत होतात तुम्ही.

त्या आकड्यांवर व्हॉल्व्ह लावला आणि पहिले काही आठवडे तो शहाण्यासारखा चालला. साहेब येताजाता मान डोलवायचे. मग एका दुपारी टाकी काठोकाठ भरून वाहिली. त्या साली पावसाने दगा दिला होता, शेतात ऊस नव्हता, थेंबाथेंबाला मोल, आणि तो रस गटारात चाललेला. साहेब ओरडले ते सगळ्या गिरणीला ऐकू गेलं. "तुमच्या नोंदीच चुकीच्या आहेत. आठ दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर हे प्रकरण काढून ठेवू आणि पहिल्यासारखा माणूस उभा करू." मी टाकीमागे जाऊन रडले. तुम्ही नळीने फरशी धूत होतात, पाय चिकट झालेले, आणि तसेच आलात. मला वाटलं जवळ घ्याल. तुम्ही खेकसलात, "रस सांडला तर पानी मारून निघतंय. तू काय डोळं गाळत बसलीस? काटा खोटं बोलतुया का टाकी, ते बघ आदी." एवढं बोलून पुन्हा धुवायला लागलात. तुमचा राग आला होता मला. पण बोललात ते बरोबरच होतं.

टाकीत काठी बुडवून मी खरी पातळी रोज मोजत होतेच. काठी आणि काटा यांच्यातला फरक मी आलेख कागदावर मांडला. काटा दिवसागणिक थोडं कमी दाखवत चालला होता. टाकी भरलेली असायची, काटा म्हणायचा अजून जागा आहे, आणि व्हॉल्व्ह बापडा त्याचं ऐकून रस अडवून धरायचा. फरक सुरुवातीला भराभर वाढला होता, मग हळूहळू. अशी रेघ गार होणाऱ्या किंवा वाळणाऱ्या वस्तूची असते, हे मला पाठ होतं. पण लोखंडी दांड्यात वाळण्यासारखं काय असणार? दोन दिवस मी डोकं धरून बसले. मग एका सकाळी आई चटणीसाठी नारळ घेऊन बसली. फोडायच्या आधी तिने तो कानाशी धरून हलवला आणि तोंड वाकडं केलं. "ह्यातलं पानी समदं आटलं बाई. हलका फूल झालाय."

मी न जेवता कारखान्यात आले. टाकीच्या शिडीवर चढले, साडीचा पदर खोचून, खालून कोण बघतंय याची पर्वा न करता. दांड्याच्या पलीकडच्या टोकाला, वजनाच्या मागे, खालून मुळीच दिसणार नाही असा, लाल फडक्यात बांधलेला नारळ. सुतळीला दुपेडी गाठ. गाठ बघूनच मी ओळखलं. फडक्यासकट कानाशी धरून हलवला तर आत जेमतेम चुळभर पाणी. ओला नारळ धरून आम्ही शून्य लावलं होतं. तो वाळत गेला तसं त्या बाजूचं वजन घटलं, फ्लोट जास्त बुडत गेला आणि काटा खोटं बोलायला लागला. मला इतकं हसू आलं की शिडी हलली. तेवढ्यात खालून तुमचा आवाज आला. "त्येला हात लावू नगंस, बाई. तुज्यासाटी बांदलाय. लई डोळं लागल्यात तुज्या यंत्राला." हातात पान्हा घेऊन तुम्ही वर बघत उभे होतात, चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखं आणि थोडं दटावल्यासारखं. त्या क्षणी तुमच्याइतकं मला कुणीच आवडलेलं नाही आण्णा, आधी नाही आणि नंतरही नाही.

मी खाली उतरले आणि नुसतं "बरं" म्हटलं. साहेबांना सांगितलं असतं तर हंगामभर गिरणीत हाच विनोद चालला असता, आणि काढून टाकला असता तर तुम्ही रात्री जेवला नसतात. शिवाय तो आता वाळायचा तेवढा वाळलाच होता. घटणारी राशी समीकरणात घालून पत्ते पुन्हा पुण्याला पाठवले, उत्तर आलं तेव्हा उरलेले फरक छान विखुरले होते. नारळासकट शून्य नव्याने लावलं. साहेबांनी विचारलं, दोष काय होता? मी म्हटलं, "दांड्यावर ओल होती, साहेब. वाळली." त्यांनी नोंदवहीत तसंच लिहून घेतलं. टाकी पुन्हा सांडली नाही. मिरजगावच्यांना तुम्ही स्वतः जाऊन नकार सांगून आलात.

हंगाम संपून पट्टा पडला त्या दिवशी तुम्ही शिडीवर चढून तो नारळ सोडलात. जून लागला की मी पुण्याला जाणार, हे ठरलं होतं. पायरीवर फोडलात, पहिला तुकडा यंत्राला दाखवून माझ्या हातावर ठेवलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "बघितलंस का? ह्येनंच चाललं." तुम्ही शेवटपर्यंत येईल त्या पाहुण्याला हेच सांगत राहिलात, आणि मी शेजारी बसून मान हलवत राहिले.

हा कागद तुम्हाला पोचवायची सोय असती, तर पुढची ओळ मी लिहिली नसती. तुम्ही विचारलंत, "ग्वाड हाय न्हवं?" मी "लई" म्हणाले आणि अजून एक तुकडा मागितला. तो खवट होता, आण्णा. पार खवट. मी दोन्ही तुकडे चावून खाल्ले.