एका हाताने चालेल असं मशीन

बाबा, काल मी गवत कापायचं मशीन आणायला गेले होते. मशीन आणलं, आणि त्याच दुकानात तुमच्याबद्दल एक गोष्ट ऐकली. ती ऐकल्यापासून माझं डोकं जागेवर नाही. सकाळी चहात साखर दोनदा घातली. आईने एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि कप तसाच खाली ठेवला. तुम्हाला जाऊन दहा-अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही माझ्या स्वप्नात वगैरे आला नाहीत, ते तुमच्या स्वभावाला धरूनच होतं. आणि आता आलात ते हडपसरच्या मंडईमागे, फवारणी पंपांच्या एका दुकानात, भर दुपारी, मी बिल करत असताना.

मशीनची पाळी का आली ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, विळा गंजला होता का. विळा नाही, गुडघे गंजलेत. उकिडवं बसता येतं, पण उठायला भिंत लागते. यंदा गणपती गेले तरी पाऊस हटेना आणि मागच्या अंगणातलं गवत कमरेला लागलं. दर वर्षी येऊन कापून देणारा माणूस आता आयटी पार्कात वॉचमन झालाय. गवत म्हटलं की नुसता हसतो. त्यात धुण्याच्या दगडाशी धामण दिसली. आई म्हणाली, "असू दे, उंदीर खाते बिचारी." तिची सोबत करायला म्हणून मी या घरात राहायला आले, आणि कपडे वाळत घालायला जाताना तिलाच पुढे घालायला लागले. तेव्हा ठरवलं, मशीन घ्यायचं, पण खिशाला परवडेल असं. एवढ्याशा अंगणासाठी हत्ती पोसायचा नाही.

तुमच्या राज्यात या अंगणात मशीन येणं शक्य नव्हतं. रविवारची सकाळ. तुम्ही पोतं अंथरून बसला आहात, उजव्या हातात विळा, डाव्या मुठीत गवत. शाळेत फळ्यावर भूमितीची आकृती काढावी तशी भिंतीपासून सरळ रेघ धरून तुम्ही पुढे सरकता, आणि मी मागून कापलेलं गोळा करते. मध्येच कंटाळून मी चिमण्यांच्या मागे जाते. तुम्ही मान वर न करता म्हणता, "अर्धं गवत गोळा केलंत, आभारी आहे. उरलेलं वाऱ्यावर सोपवलंय का आपण?" पोटच्या मुलीला 'आपण' म्हणालात की समजायचं, पारा चढलाय. मी धावत परत येते. कुणीतरी तेव्हा परदेशातल्या गवत कापायच्या यंत्राचं कौतुक सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "डास मारायला तोफ." विषय संपला. तोच संपलेला विषय घेऊन मी काल दुकानात गेले.

दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला, अस्सल पुणेरी. मी पेट्रोलच्या मशीनला हात लावला तर म्हणाला, "अंगण केवढंय?" मी म्हटलं, धुण्याच्या दगडापर्यंत. "मग हे कशाला? मागे उसाचा फड आहे का?" शेजारी लोणी काळभोरचा एक शेतकरी स्वतःचं मशीन दुरुस्तीला घेऊन आला होता. त्याला माझी दया आली. "ताई, पेट्रोलचंच न्या. लय दमदार हाय. बांध एका दिसात साफ." दुकानदार म्हणाला, "त्यांना बांध आहे, तुम्हाला धुण्याचा दगड आहे." बॅटरीचं दाखवलं, हलकं, गोजिरवाणं, पण बॅटरी गेली की नवी बॅटरी जवळजवळ मशीनच्या भावाची. विजेवरचं स्वस्त, वायरीचं लोढणं मागे. त्याने एक गोष्ट चांगली सांगितली. खोक्यावर किती वॅट लिहिलंय ते बघत बसू नका, उचलून धरा आणि थोडा वेळ तसंच उभं राहा. हात काय म्हणतो ते ऐका. आणि आत फिरणारी नायलॉनची दोरी इथे मिळते का ते विचारा, नाहीतर दोरी संपली की मशीन खुंटीला.

म्हणून मी विजेवरचं उचललं. त्याचा खटका मागच्या मुठीत असतो, उजव्या हाताच्या बोटांनी सतत दाबून धरायचा. सोडला की मशीन बंद. डाव्या हाताने पुढची मूठ धरायची. मी उभी राहिले, हात काही म्हणाला नाही, तेव्हा म्हटलं, हेच द्या. तो बिलासाठी पत्ता विचारू लागला. मी गल्ली सांगितली, कोपऱ्यावरचं घर सांगितलं, आणि त्याने पेन थांबवलं. "म्हणजे सरांचं घर? तुम्ही सरांच्या कोण?" मुलगी म्हटल्यावर चष्मा डोळ्यांवर आला. "आम्हाला भूमितीला होते. मी शेवटच्या बाकावर. सर यायचे ना इथे, शेवटच्या वर्षी. त्या स्टुलावर बसायचे."

मी म्हटलं, पंपाला आले असतील. "नाही हो, याच मशीनसाठी. तेव्हा नवीन नवीन आली होती. एकूण एक उचलून बघितली सरांनी. एका हाताने चालेल असं आहे का, विचारत होते. डाव्या." मला कळेना. तो आपल्याच आठवणीत हसत होता. "मी म्हटलं, सर, डाव्या कशाला? तर म्हणाले, उजवा हात निवृत्त झाला. पेन्शन अजून मंजूर व्हायचंय. डाव्या हाताने खटका दाबून बघायचे, पण मग पुढची मूठ उजव्यात यायची, ती काही धरवायची नाही. सुटायचीच. मी बाहेर दोन-तीन ठिकाणी विचारलं त्यांच्यासाठी. एका हाताचं मशीन कुणाकडेच नव्हतं. सर म्हणाले, ठीक आहे, गवतालाच सांगून बघतो, वाढू नको म्हणून." मग माझा चेहरा बघून त्याचं हसू ओसरलं. "तुम्हाला घरी ठाऊक असेलच की. पाकीटसुद्धा माझ्यापुढे धरायचे, तूच काढ म्हणायचे."

मी "हो, हो" म्हटलं. तुमची मुलगी, आणि तुमच्या हाताची बातमी मला दुकानदार देतोय! कानशिलात बसावी तसं झालं. त्या लोणीच्या माणसाला काय दिसलं कुणास ठाऊक, त्याने ते स्टूल माझ्याकडे सरकवलं, "टेका ताई जरा." त्या स्टुलावर मला बसवेना. मी उभ्याउभ्याच पैसे दिले, खोकं घेतलं आणि रिक्षा केली.

रिक्षात खोकं मांडीवर, आणि तुमचं ते शेवटचं वर्ष डोळ्यांपुढून उलटं फिरायला लागलं. तुम्ही गवत वाढू दिलंत. "मुंगसाला लपायला जागा नको का?" म्हणालात, आणि आम्ही तुम्हाला चिडवलं, की म्हातारपणी निसर्गप्रेम उफाळून आलं. तुम्ही घरी दाढी करायचं सोडून न्हाव्याकडे जायला लागलात. मी म्हटलं, बाबांना ऐषाराम सुचतोय. भात चमच्याने खायला लागलात. मी म्हटलं, साहेब झालात. दर रविवारी जेवताना पोळीचा कुस्करा मागायचात, मला वाटायचं दातांचं काहीतरी आहे. आणि स्कूटर! ती स्कूटर तुम्ही मला दिलीत, बाबा. पुसून, चकाचक करून, किल्लीला नवा गोंडा लावून. "मला आता बसचा पास आहे, ज्येष्ठ नागरिक झालोय, सरकारचं नुकसान कशाला करू?" मी हुरळून गेले. ज्या स्कूटरला तुम्ही कुणाला हात लावू दिला नव्हता ती मला मिळाली, म्हणून त्या दिवशी काही काम नसताना स्वारगेटपर्यंत जाऊन आले. अॅक्सिलरेटर उजव्या मुठीत असतो, हे काल रिक्षावाल्याच्या हाताकडे बघताना मला समजलं.

आणि ते पायरीवरचं. आपण कुणाच्या तरी मुंजीहून निघालो होतो, पायऱ्या उंच होत्या, म्हणून मी तुमचा हात धरला. तुम्ही केवढ्याने ओरडलात! "सोड. सोड म्हणतो ना." चार माणसं वळून बघायला लागली. मी तुमच्याशी कितीतरी दिवस धड बोलले नव्हते. उजवा हात धरला होता ना मी? मला तो कसा लागला असेल ते आठवायचा काल खूप प्रयत्न केला. थंड होता का, सैल होता का. काही आठवत नाही, फक्त तुमचा आवाज आठवतो. तुम्ही गेलात तेव्हा सगळे म्हणाले, पुण्यवान माणूस, नळाखाली बादली लावता लावता गेला, एक दिवस अंथरुणाला खिळला नाही. मीही इतकी वर्षं हेच सांगत आले. बाबांना कधी काही झालं नाही हो, ताठ गेले. माझ्या दुःखाला तेवढाच टेकू होता. दुकानदाराने तो काढून घेतला, आणि त्या बिचाऱ्याला पत्ताही नाही.

घरी आले तर आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलेली. खोकं खाली ठेवून मी चपला न काढताच विचारलं, "बाबांचा उजवा हात गेला होता?" तिने एक जुडी संपवली, दुसरी ओढली. "कोण म्हणालं?" मी दुकानाचं सांगितलं. ती म्हणाली, "बघ. मला म्हणायचे, वाच्यता करशील तर माझी शपथ आहे. आणि स्वतः मंडईत जाऊन सांगून आले." मी विचारलं, "म्हणजे तुला ठाऊक होतं?" तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "शर्टाची बटणं कोण लावत होतं मग? शेजारी?"

मी भडकले. इतक्या वर्षांत तिच्यावर आवाज चढवला नव्हता, काल चढवला. डॉक्टर कशाला असतात, मी काय मेले होते का, सगळं बोलले. ती मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या काकांचं त्यांनी केलं होतं. अर्धांगवायू, चार वर्षं गादीवर. कूस बदलणं, भरवणं, सगळं यांच्याच हातांनी. हात बधिर झाला तेव्हा पहिल्या दिवशी मला म्हणाले, दवाखान्याची पायरी चढलो की मी पण त्या गादीवर. मी नाही चढणार. भांडले गं मी. रोज भांडायचे. दर रविवारी तू यायचीस तेव्हा गप्प बसायचो दोघंही." भीती वाटत होती तुम्हाला. माझे बाबा घाबरलेले होते, वर्षभर, आणि दर रविवारी समोर बसून मला टोमणे मारत होते! तुमचा राग यावा की तुम्हाला जवळ घ्यावं, मला ठरवता येत नाही. सध्या रागच येतोय. दुकानात विनोद करता आला, पेन्शनचा, आणि मला एक शब्द सांगता आला नाही?

आज सकाळी मी मशीन जोडलं. वायर खिडकीतून बाहेर घेतली, डोळ्यांना चष्मा लावला, आई मागच्या दारात खुर्ची टाकून बसली. सुरू करायच्या आधी मी उजवा हात पाठीमागे धरला आणि नुसत्या डाव्याने मशीन उचलून पाहिलं. त्याने लगेच तोंड जमिनीत खुपसलं. हलकं म्हणून घेतलेलं मशीन. मग दोन्ही हातांनी धरलं आणि कापत सुटले. चांगलं चालतं, बाबा. आवाज मिक्सरसारखा, गवताचा चिखल सगळा अंगावर. तुमची सरळ रेघ येत नाही, जिथे तिथे टक्कल पडल्यासारखं दिसतं. धामण कुठे निघून गेली कुणास ठाऊक.

मध्ये हात भरून आला म्हणून खटका सोडला. एकदम शांत झालं. आणि आई बोलली, इतका वेळ वाक्य तोंडात धरून ठेवल्यासारखी. "तेव्हा तुला सांगितलं असतं, तर वाचले असते का गं ते?" ऐंशी वर्षांची बाई. दोन्ही हात मांडीवर, माझ्या तोंडाकडे बघत. माझ्या लक्षात आलं, की हे ती मला नाही, स्वतःला विचारत आलीय, तुम्ही गेलात त्या सकाळपासून. आणि कालपर्यंत तिला हे विचारायलाही कुणी नव्हतं, कारण कुणाला ठाऊकच नव्हतं. तुमची शपथ पाळली तिने. काय पाळायला लावलंत तुम्ही तिला, याचा कधी विचार केला होतात?

मी म्हटलं, "नाही गं. कालच मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. सगळं सांगितलं. ते म्हणाले, तेव्हा आणलं असतं तरी काही फरक पडला नसता." ती म्हणाली, "असं म्हणाले होय," आणि पदराने डोळे पुसले. उठून आत गेली, स्वतःच्या हाताने चहा टाकला. साखर बेताची होती.

आता ती आत झोपलीय. बऱ्याच दिवसांनी दुपारची गाढ झोपलीय. ती उठायच्या आत हे पत्र फाडून टाकायला हवं, कारण या घरातला कुठलाही कागद ती वाचल्याशिवाय रद्दीत टाकत नाही. तुम्हाला मात्र सांगून ठेवते. मी कुठल्याच डॉक्टरांना फोन केलेला नाही, बाबा. माझी हिंमत होत नाही.