दहा फुलांना तासभर

पार्से, १९ ऑक्टोबर १९८६

वांग्याची चोवीस रोपं लावली! दर दोन रोपांत एक झेंडू, कडेला चवळी, आमचे अळसांदे. पेडण्याच्या शेतकी शिबिरात सांगितलं तसंच, तंतोतंत. झेंडू असला की कीड फिरकत नाही म्हणे. औषधाचा एक थेंब मारणार नाही.

हे हसले. सासूबाई — आमच्या मांय — तर म्हणाल्या, "वांग्यांक फुलां कित्याक गो? लगीन आसा तांचां?"

हसा. बघू.

३० नोव्हेंबर

झेंडू फुलला आणि भांडण सुरू. उजाडलं की मांय परडी घेऊन वाफ्यात! फूल झाडावर राहिलं तरच उपयोग, हे किती वेळा सांगू? "देवाक पयली, मागीर तुज्या वांग्यांक." आणि दहा फुलांना तासभर! गुडघे धरून एकेका झाडापाशी थांबतात. मी दातओठ खाते आणि चहा ठेवते.

२३ डिसेंबर

भाषेच्या भांडणात रस्ते बंद. बेळगावची भाजीची गाडी नाही. वाड्यावर घरोघरी माझी वांगी — मराठीवाल्यांकडे आणि कोंकणीवाल्यांकडेही! एक किडकं निघालं नाही. शेजारी रघुनाथ दर आठवड्याला फवारतो, तरी त्याची निम्मी पोखरलेली. काल स्वतः येऊन विचारून गेला. मी सगळं सांगितलं, जरा जास्तच सांगितलं.

१४ जानेवारी १९८७

शेतकी खात्याचे साहेब आले! पानं उलटून बघितली, वांगं चिरून बघितलं. १० फेब्रुवारीला दुपारी वीस बायकांना घेऊन येणार — डिचोली, साखळीहूनसुद्धा. वाफा मी दाखवायचा, बोलायचंही मीच.

मांय सोप्यावरून म्हणाल्या, "म्हज्या सुनेची करामत, बाबा. हांव फकत फुलां काडटां."

मांयच्या तोंडून कौतुक! आज आनंदाने जेवण गेलं नाही.

२७ जानेवारी

नणंद शेवंतीचं बाळंतपण. मांय मोप्याला गेल्या. जाताना उंबऱ्यात — "सकाळीं वांग्यांकडेन वच गो. झाडां पळय."

झाडं बघ म्हणे! म्हणजे फुलं तोडायला? मुळीच नाही. आता पंधरा दिवस वाफा माझा.

१ फेब्रुवारी

एकही फूल तोडलेलं नाही. वाफा नुसता पिवळाधमक! साहेब बघतच राहतील.

६ फेब्रुवारी

पाच झाडांचे शेंडे माना टाकून.

८ फेब्रुवारी

अकरा झाडं. सात वांग्यांना भोकं. झेंडू तर भरगच्च आहे! हे म्हणाले, "औषध आणू?" मी अंगावर ओरडले. मग न्हाणीत जाऊन रडले. परवा वीस बायका येणार, त्यांना काय दाखवू?

९ फेब्रुवारी

विहिरीवरच्या कपड्यांच्या दगडामागे नारळाच्या चार करट्या सापडल्या. तळाशी साबणाचं पाणी सुकलेलं. त्यात खुडलेले शेंडे, आणि मेलेल्या अळ्या — शेकड्यांनी.

दहा फुलांना तासभर.

साहेबांसमोर खोटं बोलल्या, माझ्यासाठी. आणि मी काय काय बोलले त्यांना!

उद्या पहिल्या बसने मोप्याला जाते. येतील त्या, दुपारपुरत्या तरी. वीस बायकांना वाफा मांय दाखवतील. मी परडी धरीन.