लिंबू सोडून ड्रोनचे पुन्हा वजन करण्याबाबत

प्रति,
मा. पोलीस उपनिरीक्षक साहेब,
शांतीवाडी पोलीस चौकी,
चलथाण, जिल्हा सुरत.

अर्जदार : भूपेंद्र उखा सैंदाणे, धंदा नोकरी (साडी फोल्डिंग खात्यात मुकादम), राहणार गिरणा अपार्टमेंट, तिसरा मजला, शांतीवाडी, चलथाण.

विषय : जप्त केलेला लहान कॅमेरा ड्रोन त्यास बांधलेले लिंबू व मिरच्या काढून पुन्हा तोलणे आणि अर्जदारास परत देणे.

संदर्भ : १) कानबाई विसर्जनाच्या सोमवारी आपल्या शिपायांनी केलेला पंचनामा.
२) माझे यापूर्वीचे गुजराती अर्ज, पैकी एकावर चहाचा कप ठेवलेला मी स्वतः पाहिला.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करतो की, हा अर्ज मराठीत लिहिण्याचे कारण दुहेरी आहे. एक, साहेब मूळचे पारोळ्याकडचे आहेत असे आपल्याच हवालदारांनी मला सांगितले. दोन, गुजराती मला कामापुरती उत्तम येते, पण किळस आल्यावर फक्त मराठी येते, आणि सध्या मला पराकोटीची किळस आलेली आहे.

१. प्रथम ड्रोनच्या आकाराविषयी. आपल्या चौकीत सर्वांची अशी समजूत दिसते की मोठा घेण्याची ऐपत नसलेला माणूस लहान ड्रोन घेतो. हे साफ खोटे आहे. मी दुकानात दोन्ही उडवून पाहिले. मोठा हवेला टिकतो, लांब जातो, त्याचा कॅमेरा भारी असतो, हे मला मान्य आहे. पण तो उठला की दोरीवरचे कपडे उडतात, धूळ डोळ्यांत जाते, लेकरे रडू लागतात. आमच्या गल्लीत समोरासमोरच्या गॅलऱ्यांतून बाया एकमेकींना डाळीची वाटी देतात. तिथे ते धूड शिरणार कोठून? लहान ड्रोन तळहातावरून उडतो आणि तळहातावर उतरतो. वारा सुटला की त्याची त्रेधा होते, म्हणून मी तो फक्त सकाळी, हवा पडलेली असताना उडवतो. शिवाय अडीचशे ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला नोंदणी क्रमांक लागत नाही असे दुकानदाराने सांगितले, आणि डब्यावर कंपनीने वजन दोनशे एकोणपन्नास ग्रॅम छापलेले आहे. डबा मी चौकीत आणून दाखवला होता. तो कोणी उघडूनसुद्धा पाहिला नाही.

आमच्या लोकांची खोड आपणास ठाऊक आहेच. घरात पातेले आणा नाहीतर पंखा आणा, जो येईल तो आधी हातात घेऊन जोखणार, आणि हलके लागले की तोंड वाकडे करणार. माझा शालक हितेश, राहणार बमरोली, याने माझा ड्रोन उचलून सगळ्या पाहुण्यांदेखत विचारले, "दाजी, हाई काय लयनात, माशी का?" सगळे खो खो हसले. पुढच्याच आठवड्यात त्याने एका लग्नाच्या फोटोवाल्याचा जुना मोठा ड्रोन घेतला आणि तो खांद्यावर मारून गल्लीतून अशा तोऱ्यात फिरला की जणू स्वतःच त्यात बसून आला आहे. असल्या दिखाऊपणाचा मला मनस्वी तिटकारा आहे. पण तो गुन्हा नाही, म्हणून त्याबद्दल येथे अधिक लिहीत नाही.

२. मी ड्रोन उडवतो तो हौसेने, आणि ती हौस आता माझ्यापेक्षा माझ्या आईची अधिक आहे. आई रंभाबाई हिने उभ्या हयातीत घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापले. मांडी घालून घालून गुडघे गेले. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. त्यामुळे तिचे खाली उतरणे कधीचे बंद झाले आहे.

दर रविवारी सकाळी मी तिच्या हातात फोन देतो आणि गॅलरीतून ड्रोन सोडतो. तो कारखान्याच्या रस्त्याने उसापर्यंत जातो, भाजीवाल्यांवरून परत फिरतो आणि शोभाबाईंच्या ओट्यासमोर थांबतो. शोभाबाई आईची जुनी मैत्रीण, तिच्याबरोबरच धागे कापायची. ती ड्रोनकडे बघून हात हलवते आणि मेथी कशी मिळाली ते बोटांनी सांगते. आई इकडून फोनला उत्तर देते, जे शोभाबाईंना ऐकू जाण्याचा काही संबंधच नाही. तरी दोघींचे एकदा भांडण झालेले आहे आणि मिटलेलेही आहे. आईच्या आठवड्यात बघण्यासारखे एवढेच असते.

३. आता लिंबाविषयी. नव्या वाहनाला लिंबू-मिरची बांधतात. ड्रोन हे वाहन आहे की नाही यावर आमच्या घरात वाद झाला नाही, कारण आईशी वाद घालायची आमच्यात पद्धत नाही. जे उडते त्याला सगळ्यांच्या आधी नजर लागते, असे तिचे म्हणणे. म्हणून दर शनिवारी जुने लिंबू सोडून चौकात टाकायचे आणि नवे बांधायचे, असा नेम ठरला. एक लिंबू, सात मिरच्या, काळा दोरा. ड्रोन त्यानंतर लग्नात जेवून आलेल्या पाहुण्यासारखा झुलत जाऊ लागला. आईला फोनवर ऊस दिसायचा आणि पुढे मिरची. देऊळ दिसायचे आणि पुढे मिरची. तिची काही तक्रार नव्हती. माझी होती, पण मला कोण विचारतो?

४. विसर्जनाच्या सोमवारी जे झाले ते असे. कानबाई आमच्या खान्देशी घरांतली देवी, श्रावणातल्या रविवारी बसते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जनाला निघते, हे साहेबांना मी काय सांगावे. आईला मिरवणूक दिसावी म्हणून माझा ड्रोन आमच्या गॅलरीच्या उंचीवर एका जागी उभा होता. तेवढ्यात हितेशने आपला मोठा ड्रोन आणला आणि कानबाईचे तोंड जवळून घ्यायचे म्हणून थेट बायांच्या डोक्यापर्यंत खाली उतरवला. त्याच्या वाऱ्याने दिवे विझले. गुलाल उडून वाजंत्र्यांच्या डोळ्यांत गेला. बायांच्या डोक्यावरचे पदर उडाले. आणि कानबाईच्या अंगावरची जरीची ओढणी उडून गटारात पडली. साहेब, गटारात! बाया रडू लागल्या. कोणीतरी चौकीला फोन केला तो रास्तच केला. मीसुद्धा तेच करणार होतो.

आपले दोन शिपाई आले आणि त्यांनी ड्रोन कोणाचा असे विचारले. हितेशने आपल्या ड्रोनवर चिकटवलेला नोंदणी क्रमांक दाखवला. तो पाहताच शिपायांच्या बोलण्यात आदर आला. ज्याने देवीला उघडे केले तो ड्रोन त्यांनी दोन्ही हातांनी उचलून पाहिला, आणि एका शिपायाने आपल्या पुतणीच्या लग्नाची तारीख हितेशच्या कानावर घालून ठेवली. मग त्यांनी वर पाहिले आणि मला माझा ड्रोन उतरवायला लावला. याला नंबर का नाही, असे विचारले. मी म्हणालो, तो अडीचशेच्या आत आहे. तेव्हा तो कोपऱ्यावरच्या फरसाणच्या दुकानात नेऊन तेलकट पारड्यात टाकण्यात आला. वजन तीनशेच्या जवळ भरले.

मी ओरडून सांगितले की लिंबू सोडून वजन करा. शिपायांनी दुकानदाराकडे पाहिले. दुकानदाराने हात मागे घेतले. पंच म्हणून उभा केलेला गोपाल शिंपी दोन पावले मागे सरकला. कोणाची तरी नजर उतरवून घेतलेले लिंबू, त्याला हात कोण लावणार? शेवटी मोठा शिपाई म्हणाला, "लींबू रेवा दो." म्हणजे लिंबू राहू द्या. मी पुढे होऊन म्हणालो, माझेच आहे, मी सोडतो. तर मला दरडावण्यात आले की जप्त मालाला हात लावायचा नाही. पंचनाम्यात लिहिले गेले : "ड्रोन एक, लिंबासह." कायद्याच्या इतक्या हुशार माणसांना एका लिंबाने हरवले हे मी उघड्या डोळ्यांनी पाहिले, आणि थू म्हणून घरी आलो. (हा शब्द कृपया आपल्या शिपायांविषयी नव्हे, एकंदर प्रकाराविषयी समजावा.)

५. त्यानंतर चौकीतून सांगण्यात आले की अडीचशेच्या वर असल्याने नोंदणी क्रमांक आणा आणि ड्रोन न्या. मी इंटरनेटवर अर्ज भरायला बसलो. तिथे वजन कंपनीचे धरतात. कंपनीचे वजन घातले की क्रमांकाची गरज नाही असे उत्तर येते. पंचनाम्याचे वजन घातले की असा ड्रोन अस्तित्वात नाही असे येते. हे मी आपल्या लेखनिकांना सांगितले. ते म्हणाले, मग लिंबासह नोंदणी करा. ते हसले नाहीत, म्हणजे मनापासूनच बोलले असावेत. आपल्या स्वतःच्या जीपच्या नाकाला लिंबू आणि सात मिरच्या लोंबतात. तिची नोंदणी कोणत्या वजनाने झाली आहे, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. येथे लेखी विचारत आहे.

६. माझा ड्रोन आपल्या मागच्या खोलीच्या खिडकीत ठेवला आहे. गणपतीत मी पाहायला गेलो. लिंबू काळेठिक्कर पडून फुटले आहे, वर बुरशी आली आहे, मिरच्यांचा लगदा झाला आहे. त्याचा चिकट रस कॅमेऱ्याच्या काचेवरून ओघळला असून त्यावर चिलटे बसतात. त्याच खिडकीखाली आपले कर्मचारी नाकाला रुमाल लावून डबा खात होते. इतकी घाण सोसायची, पण दोरा तोडायचा नाही! लिंबू सुकेल तसे वजन उतरेल, असेही एकाने मला सुचवले. उतरेल, पण देठ तर उरेलच, आणि कंपनीने आम्हाला मोकळा सोडला आहे तो फक्त एक ग्रॅम.

७. मधल्या काळात हितेशला थोडी लाज वाटली असावी. एका रविवारी तो आपला मोठा ड्रोन घेऊन आला आणि म्हणाला, "मावशी, हाऊ तुमले बठ्ठं गाव दाखाडी." म्हणजे हा तुम्हाला सगळे गाव दाखवील. आईच्या हातात फोन दिला. चित्र एकदम साफ होते, पुढे मिरची नव्हती. पण तो गल्लीत उतरला तशा बाया विसर्जनाची आठवण होऊन घरात पळाल्या. आईने त्या भारी कॅमेऱ्यातून काय पाहिले, तर एकामागून एक लागणारी दारे. शोभाबाईंनी तर वरची कडीसुद्धा लावली. आईने फोन उपडा ठेवला आणि म्हणाली, "मनंच लिंबू नडनं." माझेच लिंबू नडले. तेव्हापासून ती हेच म्हणते. वर्षा, माझी पत्नी, तिला समजावून थकली. घरात आता लिंबू आणलेले आईला चालत नाही, वरणावर पिळायलासुद्धा.

आणि परवा तिने ठरवून टाकले की लिंबू मी बांधले, तर मीच सोडीन, दुसऱ्याला भीती वाटते तर त्याचा काय दोष. येत्या रविवारी चार जणांनी तिला खुर्चीत बसवून तीन मजले उतरवायचे आणि आपल्या चौकीत आणायचे, असे तिने गल्लीत कळवलेही आहे. साहेब, ज्या बाईला जिना उतरावा लागू नये म्हणून मी ती वस्तू घेतली, तिला मी एका नासक्या लिंबापायी खुर्चीत घालून पोलीस चौकीत आणू काय? मला नुसत्या विचाराने शिसारी येते. ज्या खात्यात एवढे गणवेशवाले आहेत तेथे एक दोरा तोडायला माझी आई लागावी?

८. सबब विनंती की,
(अ) आपल्या हुकमाने कोणीही एकाने दोरा कापावा;
(ब) ड्रोन पुसून, स्वच्छ पारड्यात, माझ्यादेखत पुन्हा तोलावा;
(क) वजन अडीचशेच्या आत भरल्यास तो मला रविवारच्या आत परत मिळावा.
मोठा ड्रोन वापरण्याचा सल्ला कृपया देऊ नये. तो आम्ही वापरून पाहिला आहे.

आपला, अजूनपर्यंत तरी नम्र,
भूपेंद्र उखा सैंदाणे
दि. ८ सप्टेंबर २०२५, चलथाण

सोबत : १) कंपनीचा रिकामा डबा, वजन छापलेल्या बाजूवर खूण केली आहे.
२) धागा कापायची कातरी, नग एक. ही आईची आहे. लिंबाला बोट न लावता दोरा तुटतो.

ता. क. अर्ज आईला वाचून दाखवला. खालील मजकूर तिने लिहायला लावला आहे. दोराच कापावा, लिंबू कापू नये. सुटलेले लिंबू कागदावर घेऊन चौकात टाकावे आणि मागे वळून पाहू नये. साहेबांच्या घरी लेकरेबाळे असतील, त्यांना काही लागायला नको. कातरी परत नाही दिली तरी चालेल. तिच्या बोटांत ती आता बसत नाही.