चढाची चेन, उताराचा फोटो

रविवार, संध्याकाळ

किती हलकं वाटून राह्यलंय आज! शेजारच्या नसरीनला कळलं तर, हाच घोर होता. दर रविवारी आम्ही दोघी जाड टायरच्या सायकली घेऊन एमआयडीसीमागच्या टेकडीवर जातो. चढ मला भारी आवडतो. पण मुरमाड उतार आला की घसरायची भीती वाटते. मंग "तू हो पुढं, मी फोटो काढते" म्हणायचं आणि ती दिसेनाशी झाली की सायकल धरून चालत उतरायचं. मोबाईलमध्ये एक फोटो न्हाई. एवढी भित्री का मी?

आज चढावर नसरीन नेहमीसारखी "चेन पडली" म्हणून मागं राहिली. मदतीला वळले, तर बाई सायकल ढकलून राह्यलेली.

"चेन लावलीस आन् हाताला काळं कसं न्हाई गं?"

ती लाजली. "चढावर दम लागतो. शरम वाटते, म्हणून चेनचा बहाणा. मला बस उतार पाहिजे!"

मंग मीही फोटोचं सांगून टाकलं. पोट धरधरून हसलो.

उतारावर ती ओरडत सुसाट गेली. मी तिच्यादेखत, मजेत चालत उतरले. खाली पाहते तर दणक्यानं तिची चेन खरंच पडलेली, दोन्ही हात काळेकुट्ट.

म्हटलं, "थांब, हलू नको. फोटो काढते."