रिपोर्ट साफ येईपर्यंत मला घरी आणू नये

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, शाळा गावातली सातवीपर्यंत, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. खुबा ठिकाणावर नाही, पण मृत्युपत्राला खुबा लागत नाही. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव आणायला आत कुणाला सोडतच नाहीत.

कारण असं, की खुब्याचं ऑपरेशन झालं आणि जखम चिघळली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हे जंतू हॉस्पिटलातलेच. यांच्यावर नेहमीचं एकही औषध चालत नाही. एकच उरलंय, ते किडनीला जड जातं."

मी म्हटलं, "म्हणजे आमच्या जाऊबाईच. कशानंच हलत नाहीत."

त्या हसल्या नाहीत. तेव्हा मला कळलं, प्रकरण गंभीर आहे.

कलम एक, घर. घर सुनेच्या नावे. मुलाने वाईट वाटून घेऊ नये, सून ठेवेल तोवर तोही राहील. सुनेला सातवा महिना आहे. मुलगा रोज काचेपलीकडून फोनवर म्हणतो, "आई, घरी चल गं, आपल्या माणसांत बरं वाटेल." वाटेल रे बाबा. पण जखम वाहतेय आणि घरी बाळ येतंय. म्हणून अट: रिपोर्ट साफ येण्याआधी मला घरी आणलं, तर घर जाऊबाईंना जाईल. त्या लगेच राहायला येतील, सामानासकट आणि सल्ल्यांसकट.

कलम दोन. शिवणयंत्र शेजारणीला, पण तिने नेलेली माझी मोठी कात्री आधी आणून द्यावी. नाहीतर यंत्र नुसतं बघून जावं.

कलम तीन, पत्र्याचा डबा. डॉक्टर पाच दिवसांच्या गोळ्या द्यायचे. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की उरलेल्या मी डब्यात टाकायची. वाया कशाला घालवायच्या? ताप असो, दाढ असो, अख्खी गल्ली माझ्या दारात. आमचे हे होते तेव्हा मला कंपाउंडरीण म्हणायचे. आधी कोणती औषधं घेतली ते डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तर सुनेने डबाच आणून दाखवला. त्यांनी झाकण उघडून एकेक पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. मग म्हणाल्या, "आजी, अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, शिकतात." सातवी झालेल्या बाईकडून एवढं शिकले! डबा हॉस्पिटलने नष्ट करावा. जाऊबाईंनी मागितलाय. त्यांना रिकामासुद्धा देऊ नये.

कलम चार. बाळाचं दुपटं मी ऑपरेशनच्या आधी शिवलंय. कपाटात आहे, इथे आलेलं नाही. निर्धास्त गुंडाळा.

सूनबाई, हा कागद मी पांघरुणावर ठेवून लिहिलाय. सिस्टर तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून देतील. पिशवी उघडू नकोस, बाहेरूनच वाच. वाचून झालं की आधी साबणाने हात धू, मग रड. रडताना हात डोळ्यांकडे जातो.

सही: मी स्वतः

साक्षीदार:
१. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर (हातमोजे घालून सही केली, एरवी अक्षर चांगलं आहे)
२. लादी पुसणाऱ्या मावशी

डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला: डॉक्टरीणबाई

ठिकाण: वॉर्डाच्या टोकाची वेगळी खोली
दिनांक: नऊ, सोमवार, नव्या औषधाची पहिली बाटली लावण्याआधी